लिंबाला मोहोर आला का?

(शाळेच्या अंगणात शनिवारी सकाळी पालकांपुढे आणि नव्या शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आयाबायांनो, बापयांनो, म्हाताऱ्या माणसांनो, आणि या भागातल्या शाळांत नव्यानं रुजू झालेल्या गुरुजींनो, बाईंनो.

आज मला इथं बोलावलं ते मनाबद्दल बोलायला. पोराचं मन, घरातल्या माणसांचं मन, आणि नव्या शिक्षकाचं मन. विषय मोठा आहे. मी काही मोठी वक्ती नाही. मी शाळेतली बाई. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. शेवटची काही वर्षं नव्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात गेली. तेव्हा जे पाहिलं तेच सांगते. त्यात माझी एक चूक पण आहे. ती आधी सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

१९८८ साल. मी बावीस वर्षांची. माझं माहेर अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या अंगाला. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर. आमच्याकडे पावसाळ्यात ओढ्याचा आवाज रात्रभर थांबत नाही. पावसाच्या तोंडावर काजवे येतात, तेव्हा झाडंच्या झाडं लुकलुकतात. तिथली मी. आणि मला पहिली नेमणूक मिळाली पाथर्डी तालुक्यात. जिल्हा तोच. तेव्हाचं नाव अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. पण जिल्हा एक असला तरी आभाळ एक नाही. पश्चिमेला सह्याद्री पाऊस अडवून घेतो. पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे येतो तो उरलासुरला. मी एसटीतून उतरले. समोर बाभळी, दगड आणि एक विहीर. दुसरं काही दिसेना. मला दिलेल्या खोलीत गेले, कडी लावली आणि रडले.

नव्या गुरुजींनो, बाईंनो, हे तुमच्यासाठी सांगितलं. तुमच्यातले काही जण लांबून आलेले आहेत. रात्री खोलीत एकटं वाटतं. घरी फोन केला की जास्तच वाटतं. यात लाजण्यासारखं काही नाही. पण ते आपलं आपण ओळखलं नाही, तर ते वर्गात बाहेर पडतं. माझं बाहेर पडलं, आणि पडलं ते एका पोरावर.

त्या पोराचं खरं नाव सांगत नाही. आपण त्याला सोपान म्हणू. तिसरीत होता. दिवाळी झाली आणि त्याचे आई-बाप टोळीबरोबर ऊस तोडायला गेले. आता हे तुम्हाला मी काय सांगायचं? तुमच्या घराघरांत ते आहे. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, आणि पाच महिने कोपीत राहायचं. ऊस पिकतो प्रवरेच्या आणि गोदावरीच्या पाण्यावर. तोडायला माणसं जातात पाण्यावाचून राहिलेल्या गावांतली. सोपान मागं राहिला, आजीजवळ. धाकटी बहीण अंगावरची होती, ती आईबरोबर गेली.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हापासून सोपान बोलेना. हजेरीला ‘हजर’ म्हणेना. विचारलं तर खाली बघे. मला वाटलं, पोरगं हेकट आहे. नवी बाई आहे म्हणून मला जुमानत नाही. एक दिवस पाढा विचारला. तो गप्प. पुन्हा विचारला. तो गप्प. मी पट्टी घेतली आणि त्याच्या हातावर दोन मारल्या. जोरात मारल्या. तो रडला सुद्धा नाही. मला वाटतं, त्या पट्ट्या मी त्याला मारल्याच नव्हत्या. त्या मी त्या गावाला मारल्या, त्या दगडांना मारल्या. पण हात त्याचा होता.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग मी शोधायला निघाले. त्याची आजी म्हणाली, “शाळंला म्हणून तर गेलाय.” शेवटी तो सापडला त्या विहिरीवर. माझ्या पोटात धस्स झालं. तुम्हाला कळलंच असेल, मला काय वाटलं असेल. पण तो काठापासून लांब, बांधावर बसला होता. वर बघत होता. विहिरीवर एक बाभूळ वाकलेली होती आणि तिला सुगरणीचे खोपे लटकत होते. पंधरा-वीस तरी असतील. वाऱ्यानं हलत होते.

मी त्याच्याजवळ बसले. काय बोलावं कळेना. म्हणून मी पण वर बघू लागले. बराच वेळ गेला. मग तोच बोलला. महिन्याभरात पहिल्यांदा.

“बाई, ही समदी रिकामी हायेत.”

मी म्हटलं, “हो का?”

“पिल्लं गेली का आई-बाप गेलं?”

मंडळी, मला उत्तर येत नव्हतं. दोन अर्थांनी येत नव्हतं. एक तर तो नेमकं काय विचारतो आहे ते मला कळलं होतं. आणि दुसरं म्हणजे सुगरणीबद्दल मला खरोखरच काही माहीत नव्हतं. पुस्तकात धडा होता तेवढंच. मी म्हटलं, “मला ठाऊक नाही. आपण कोणाला तरी विचारू.”

जवळच एक म्हातारेबाबा शेळ्या चारत होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, खोपा विणतो तो नर. मृगाचा पाऊस झाला, गवत वर आलं, की विणायला लागतो. अर्धा खोपा झाला की मादी येऊन बघते. तिला आवडला तर पुरा करतो. नाही आवडला तर तो तसाच सोडतो आणि दुसरा धरतो. ती अर्धी वाटीसारखी लोंबतात ना, ती नापसंत पडलेली घरं. पुढं अंडी, पिल्लं. पिल्लांना पंख फुटले की सगळीच जातात, थव्यानं, दाणा असेल तिकडं. कोणी कोणाला टाकून जात नाही. “पुढच्या पावसाळ्याला बघ की,” बाबा त्याला म्हणाले, “हितंच येत्यात. ह्याच बाभळीला.”

मी नंतर वाचून बघितलं. खोपा विणण्याबद्दल बाबांनी सांगितलं ते बरोबर होतं.

त्या दिवशी मी दोन गोष्टी शिकले. पोराला “का बोलत नाहीस?” असं समोर बसवून विचारलं तर ते बोलत नाही. दोघं मिळून तिसरीकडं बघत बसलं तर बोलतं. आणि “मला ठाऊक नाही” असं शिक्षकानं म्हटल्यानं त्याची इज्जत जात नाही. मी सोपानची माफी पण मागितली. पोराची माफी मागायची पद्धत आपल्याकडे नाही. मला फार जड गेलं. तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेत आला.

आता पुढचं ऐका. खरी युक्ती माझी नव्हे, त्याच्या आजीची. आजीला अक्षर येत नव्हतं. मी तिच्याकडं गेले आणि म्हटलं, पोरगं झुरतंय, काय करू? भिंतीवर कॅलेंडर लावून रोज एक दिवस खोडायला सांगू का? आजी म्हणाली, “नको बाई. दिवस मोजलं की जास्तीच मोठं होत्यात.” मग तिनं अंगणातल्या लिंबाकडं हात केला. म्हणाली, “त्याला लिंब दाव. लिंबाला मोहोर आला की पट्टा पडतो. तवा येतीलच.”

पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. शहरातल्या नव्या बाईंना माहीत नसेल म्हणून सांगते.

मग आम्ही लिंब बघायला लागलो. एकटा सोपानच नव्हे, सगळा वर्ग. कारण आई-बाप गेलेली पोरं वर्गात एक नव्हती, अकरा होती. हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. बाकीची बोलत होती म्हणून मला ती बरी वाटत होती. प्रत्येकानं आपापलं एक झाड धरलं. कोणी लिंब, कोणी चिंच, कोणी बोर. एका पोरीनं करंज धरला. दर शनिवारी सकाळी आम्ही जाऊन बघायचो. काय दिसलं ते पाटीवर काढायचं. बोलायचं असेल त्यानं बोलायचं. नसेल त्यानं गप्प बसायचं.

पौषात हुरडा झाला. गावातल्या एका शेतकऱ्यानं सगळ्या शाळेला रानात बोलावलं. आगटी पेटवली, ज्वारीची कणसं भाजली, हातावर चोळून गरम हुरडा पोरांच्या ओंजळीत दिला. बरोबर गूळ आणि शेंगदाण्याची चटणी. सगळी पोरं खायला लागली. सोपाननं खाल्ला नाही. मूठभर हुरडा चड्डीच्या खिशात घातला. आईसाठी. तो हुरडा आजीला पुढं आठवड्यानं सापडला, बुरसलेला. तिनं तो फेकला नाही. लिंबाच्या बुडाशी पुरला आणि सोपानला दाखवून पुरला.

माघात लिंबाची पानं पिवळी पडू लागली. फाल्गुनात खराटा झाला. सोपान घाबरला. “बाई, मेलं का झाड?” मी म्हटलं, थांब. दहा-बारा दिवसांनी तांबूस कोवळी पालवी फुटली. सोपान धावत वर्गात आला आणि ओरडला. हो, ओरडला. ज्या पोराला ‘हजर’ म्हणता येत नव्हतं ते पोरगं सगळ्या वर्गात ओरडलं, “बाई, पालवी!”

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण ती संपली नाही.

चैत्रात लिंबाला मोहोर आला. पांढरा, बारीक, गोड वासाचा. पाडवा झाला. आणि सोपानचे आई-बाप आले नाहीत. ऊस शिल्लक होता आणि त्यांचा कारखाना त्या वर्षी लांबला. बाकीच्या टोळ्या आल्या. सोपानच्या आई-बापाची टोळी राहिली. सोपान तीन दिवस वेशीवर जाऊन बसला. चौथ्या दिवशी त्यानं लिंबाची एक फांदी ओरबाडून मोडली आणि मला म्हणाला, “लिंब खोटं बोललं. तुम्ही पण.”

मी काही सांगायला गेले. आजीनं मला हातानं गप्प केलं. तिनं त्याला मोडक्या फांदीवरचा मोहोर गोळा करायला लावला. सूप दिलं. तो रागारागानं मोहोर खुडत होता आणि ती शेजारी बसून निवडत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, “झाडानं झाडाचं काम केलं. कारखान्याचं झाडाला काय ठाव?”

वैशाखाच्या सुरुवातीला त्याचे आई-बाप आले. लिंबाला हिरव्या लिंबोळ्या धरल्या होत्या.

तेव्हापासून मी कोणत्याही पोराला झाडाच्या नावानं वचन देत नाही. नव्या शिक्षकांना सुद्धा हेच सांगते. झाड दाखवा, पक्षी दाखवा. पण “तुझा बाप येईल”, “सगळं चांगलं होईल” असं त्याच्यावर टांगू नका. आपल्या हातात नसलेली गोष्ट पोराला देऊ नये.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं बाईंचं मनचं आहे. तसं नाही. शहाण्या माणसांनी हे आधी करून ठेवलं आहे. मला ते मागून कळलं.

ताराबाई मोडक नावाच्या बाई होत्या. त्यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला खेड्यातल्या लहान मुलांसाठी काम सुरू केलं. तो भाग आता पालघर जिल्ह्यात येतो. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. अनुताई बालविधवा. तेरा वर्षांच्या होत्या तेव्हा लग्न झालं आणि थोड्याच महिन्यांत नवरा गेला. पुढं त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि सगळा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांना दिला. तर या दोघींनी बालवाडी काढली आणि गरिबांची पोरं तिथं येईनात. मग त्यांनी बालवाडीच उचलली आणि पोरांच्या अंगणात नेली. म्हणून नाव पडलं अंगणवाडी. १९७५ साली सरकारनं लहान मुलांची मोठी योजना काढली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. आपल्या गावची अंगणवाडी त्यातलीच.

परदेशी पद्धतीची खेळणी महाग होती. ताराबाई-अनुताईंनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, माती घेतली. त्यांवर मोजायला शिकवलं, रंग ओळखायला शिकवलं. पुढं १९५७ च्या सुमाराला त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली आदिवासी पोरं गुरं राखायला जायची. ती शाळेत कशी येणार? मग शाळाच कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. आणि नव्या बालसेविकांचं शिक्षणही तिथंच झालं, चार भिंतींच्या आत कमी आणि टेकडीवर जास्त. मला वाटतं, हेच खरं शिक्षकांचं प्रशिक्षण. ज्या शिक्षकाला शाळेच्या आवारातली पाच झाडं ओळखता येत नाहीत, त्याला आधी पोरांनी शिकवावं आणि मग त्यानं पोरांना.

आपला जिल्हा या बाबतीत मागं नाही. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं ते आपल्याच नगरला, मिस फॅरार यांच्याकडे. जामखेडला डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं आणि शाळेची पायरी न चढलेल्या बायांना आरोग्याचं ज्ञान दिलं. त्या बायांनी गावंच्या गावं सुधारली. आणि अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला ठाऊकच आहेत. शाळेत गेल्या नाहीत. पण परसातलं गावठी बी त्यांनी जपलं, वाढवलं, वाटलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. म्हणून म्हणते, नव्या शिक्षकांनो, गावात आलात की पहिल्या आठवड्यात एखादी म्हातारी शोधा. तिच्या गाडग्यात कोणतं बी आहे ते विचारा. राखेत का ठेवलं ते विचारा. तुमचा एकटेपणा पण जाईल आणि तुमच्या वर्गाला एक गुरू मिळेल.

बाहेरच्या देशांतही लोकांनी याचा विचार केला आहे. अमेरिकेत रॉजर उलरिच म्हणून एक संशोधक. त्यांनी एका दवाखान्यातल्या ४६ रोग्यांची टिपणं तपासली. सगळ्यांचं ऑपरेशन एकच, पित्ताशयाचं. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती. निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रोगी थोडे आधी घरी गेले आणि त्यांना दुखणं थांबवायचं जालीम औषध कमी लागलं. १९८४ साली हे छापून आलं. जपानात १९८२ सालापासून लोकांना सांगतात की रानात जा, हळूहळू चाला, वास घ्या, आवाज ऐका. त्याला ते ‘वनस्नान’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. आपल्याला हसू येईल. आपण रानातच राहतो, मग वेगळं स्नान कसलं? पण खरं सांगा, आपण रानात असतो तेव्हा रान बघतो का? खुरपं चालतं, पाठ वाकते, डोक्यात सोसायटीचं कर्ज असतं. रान बघणारा घरात एकच. ज्याला काम नाही तो. म्हणजे पोर नाहीतर म्हातारा.

आणि आपल्याकडे हे सगळं होतंच की. नागपंचमीचा झोका होता. पोळ्याला मातीचे बैल करत होतो. आवळीखाली जेवण होतं. हुरडा होता. हे सणाचे खेळ म्हणजे घरातल्या माणसांनी एकमेकांजवळ बसायची निमित्तं होती. आता पोळ्याचे बैल बाजारातून रंगवून येतात. मला ते बैल आवडत नाहीत. पोराच्या हातचा बैल वाकडा होतो, एक शिंग गळून पडतं, आणि ते शिंग बसवताना बाप त्याच्याजवळ टेकतो. बाजारच्या बैलानं बापाचं ते टेकणं गेलं.

तर घरात काय करायचं? फार काही नाही. संध्याकाळी भाकरी थापायच्या आधी, नाहीतर जेवण झाल्यावर, पोराला घेऊन अंगणात बसा. फोन आत ठेवा. पोराला विचारा, आज काय दिसलं? मुंग्या दिसल्या म्हणाला तर मुंग्या. त्याला दुरुस्त करू नका. उन्हाळ्यात एका पसरट मातीच्या भांड्यात पाणी ठेवा आणि कोणते पक्षी येतात ते पोरानं सांगायचं. मृगाचा पाऊस पडला की लाल मखमली किडे निघतात, ते बघायला सगळ्यांनी मिळून जा. बघा आणि सोडून द्या. डबीत भरू नका. शाळेची परसबाग आहे, तिथं महिन्यातून एक दिवस आई-बापांनी पोराबरोबर वाफा करावा. आळ्याला पाणी घालताना पोरगं जे बोलतं ते पालकसभेत कधी कळत नाही.

सांभाळायचं ते पण सांगते. उघड्या विहिरीवर पोरांना एकटं पाठवू नका. मी सोपानला तिथं पाहिलं ते अजून माझ्या अंगावर येतं. दगड उचलायचा तर काठीनं उचला, खाली विंचू असतो. धोत्रा, कण्हेर, एरंडाच्या बिया पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नका, त्या विषारी आहेत. खोप्यात अंडी-पिल्लं असताना खोपा उतरवायचा नाही.

शिक्षकांना एक गोष्ट जास्तीची. २०२४ साली सरकारनं पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ सुरू केला. चांगलं झालं. आम्ही जे चोरून करत होतो त्याला कागद मिळाला. पण त्या शनिवाराची परीक्षा करू नका. मी एका शाळेत पाहिलं. पोरं पळसाखाली उभी, वर केशरी फुलं, आणि बाई विचारतात, “पळसाचे पाच उपयोग लिहा.” पोरांची तोंडं उतरली. उपयोग सोमवारी लिहिता येतात. आणि अहवालासाठी फोटो काढायचाच असेल तर शेवटी काढा. फोटोसाठी पोरांना आधी हसायला लावलं की नंतर ती खरं बोलत नाहीत.

आता थोडं अवघड बोलते. बापयांनो, हे तुमच्यासाठी.

झाडाखाली बसून उचल फिटत नाही. पाऊस पडत नाही. हे मला कळतं. कोणी तुम्हाला सांगितलं की निसर्गात जा, सगळी चिंता मिटेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. एखाद्या माणसाची झोप आठवडेच्या आठवडे जाते, जेवण जात नाही, कशातच जीव लागत नाही, “मी नसलो तर बरं” असं तो बोलतो. हा आळस नव्हे, बाहेरची बाधा नव्हे. हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. आशाताईला सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. सरकारचा एक फोन आहे, १४४१६. २०२२ साली सुरू झाला. रात्री-अपरात्री कधीही लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. हा आकडा घरात दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवा. कोणासाठी लिहिला ते सांगायची गरज नाही. आणि अशा माणसाला एकटं सोडू नका. त्याच्याबरोबर बांधापर्यंत चालत जा. बोलला नाही तरी चालेल. सोपान महिनाभर बोलला नव्हता.

सोपानचं पुढं काय झालं, असं तुम्ही मनात विचारत असाल. तो शिकून साहेब झाला असं सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. तो साहेब झाला नाही. दहावीला दोनदा नापास झाला. आता ट्रॅक्टर चालवतो, ऊस वाहतुकीचा. म्हणजे दिवाळी झाली की तोही जातो. बायको त्याची गावात राहते, दोन्ही पोरं तिच्याजवळ. त्यानं एवढं मात्र धरून ठेवलं, की आई नाहीतर बाप, एकानं घरी राहायचं. त्यामुळं एक कोयता कमी पडतो, पैसा कमी येतो. नवरा-बायकोची यावरून भांडणं होतात असंही तिनं मला सांगितलं.

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. लिंब आहे. त्याचं बूड आता दोघांच्या कवेत मावत नाही.

मागच्या फाल्गुनात मी त्यांच्या घरी गेले होते. संध्याकाळी सोपानचा फोन आला, तोंड दिसतं तसला. मागं कारखान्याच्या गाड्यांची रांग होती, भोंगा वाजत होता. धाकटी पोरगी फोन घेऊन अंगणात पळाली आणि तिनं तो लिंबाकडं धरला. पलीकडून तो विचारत होता,

“पालवी फुटली का गं?”

ती म्हणाली, “नाय अजून. नुसता खराटा हाय.”

“बरं,” तो म्हणाला, “उद्या परत बघ.”